अक्षरी मास्तर

मूल जन्मले की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटावर दिवा, सुपारी, हळदकुंकू मांडतात आणि शेजारी कोरा कागद व टाक ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. आमच्या गावात सटवाईच्या आधी आणखी एक जण लिहायला येत असे. एका हातात नारळाची करवंटी, करवंटीत जवसाच्या तेलात खललेली तव्याची काजळी, दुसऱ्या हातात बोरू. बाळंतिणीच्या घरी जाऊन तो पुढचे दार लोटून घेई, दाराच्या आतल्या अंगाकडे तोंड करून उभा राही आणि फळीवर बाळाची जन्मतारीख लिही. आकड्यात नव्हे, अक्षरात. नाव अजून ठेवलेले नसे, म्हणून नावापुरती जागा कोरी सोडी आणि बारशाच्या घुगऱ्या खायला आला की ती भरून टाकी.

"सटवाई लिहिते ते कुणाला वाचता येत नाही," तो म्हणे. "मी लिहितो ते वाचता येतं. फरक एवढाच."

हे भिकोबा मास्तर. गाव त्यांना अक्षरी मास्तर म्हणे, आणि तोंडावर म्हणे. त्यांना ती पदवीच वाटायची.

मुलांनो, परवा तुमच्यापैकी धाकट्याने फोनवर विचारले की मराठीत सेव्हन्टी नाइनमध्ये ऐंशी कशाला येते. मला नीट उत्तर देता आले नाही. मास्तरांना आले असते, आणि ते तासभर चालले असते. म्हणून हे लिहायला घेतले.

लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झालेली होती. पलूसच्या अलीकडे, कृष्णेपासून कोसभर आत, उसाच्या फडांनी वेढलेले गाव. तुमचे आजोबा तिथल्या दवाखान्याचे डॉक्टर. मी साताऱ्याची, इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली, आणि त्याचा मला थोडा ताठा होता. आमच्या आणि मास्तरांच्या पडव्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. मास्तर उंच, वाळके. गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट आणि बगलेत छत्री. छत्री पावसासाठी नसे, फळ्यावरची अक्षरे दाखवण्यासाठी असे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. भाकरी स्वतः थापत आणि ती नकाशातल्या एखाद्या बेटासारखी होई.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवरून विचारले, "वहिनी, मॅट्रिक झालात म्हणे. अडुसष्ट कसे लिहाल?"

मी आकडा लिहून दाखवला.

"हे चित्र झालं. अक्षरी लिहा."

माझे गणित सगळे इंग्रजीतून झालेले. मी मनात इंग्रजी म्हणे, मग मराठीत आणी, आणि वाटेत काहीतरी सांडे. एकदा मी एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर लिहिले. मास्तरांनी पाटी लांब धरून पाहिली. "वहिनी, तुमचा म्हातारा दहा वर्षं पुढं निघून गेला. हाक मारून थांबवा त्याला."

या 'एकोण'वाल्या संख्यांवर त्यांचा विशेष जीव. एकोणसाठ म्हणजे पन्नाशीच्या घरात राहून साठीच्या गप्पा मारणारा माणूस, असे ते वर्गात सांगत. एकोणतीस म्हणजे लग्न ठरलेली पोरगी. अंगाने माहेरी, नावाने सासरी. नव्व्याण्णव तेवढा त्यांना स्वाभिमानी वाटे. "शंभराच्या उंबऱ्यावर उभा आहे, पण शंभराचं नाव लावत नाही. असं राहावं माणसानं." ऐंशीच्या अलीकडच्याला ऐंशी का चिकटते, याचे उत्तर मला वाटते इथेच कुठेतरी आहे.

आकड्यांवर मात्र त्यांचा राग होता. "आकड्याला आईबाप नाहीत. कुणीही यावं आणि शेपूट ओढावं. एकाचा नऊ करायला शाईचा एक ठिपका पुरतो. अक्षराला हात लावला तर ते ओरडतं." शिरगणतीच्या कारकुनाने घराघरांवर डांबराने आकडे घातले, तर दुसऱ्या दिवशी मास्तर काजळी घेऊन प्रत्येकाच्या खाली अक्षरी लिहीत फिरले. कारकून संतापला. मास्तर म्हणाले, "तुमचं पुसलं नाही मी. फक्त त्याला धोतर नेसवलं."

शाळेत त्यांचा क्रम ठरलेला. आधी मुळाक्षरे, मग प्रत्येकाने स्वतःची जन्मतारीख अक्षरी लिहायला शिकायचे, आणि मगच पाढे. ज्याला स्वतःचा जन्म लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याच्या बैलांचे पाय मोजू नयेत, असा त्यांचा नियम. मुले घरून आपापली मोजणी घेऊन येत. सत्तेचाळीस लिहा म्हटले तर 'दोन इसा न् सात' लिहीत, कारण आजी तशीच विसाविसांनी मोजते. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्यावर एक हा आकडा काढून म्हटले, अक्षरी लिहा. अर्ध्या वर्गाने 'लाभ' लिहिले. आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचे, मग दोन, मग तीन. साहेबांनी चूक धरली, आणि शेऱ्यात तसे लिहून गेले. मास्तर रागावले नाहीत. मुलांना एवढेच म्हणाले, "घरी लाभ, शाळेत एक. दोन्हीकडं उपाशी राहायचं नाही."

पण खरी शाळा त्यांची दारांवर. आमच्या गावच्या घरांची दारे जाड फळ्यांची, बिजागऱ्या नसत. वरखाली लाकडाचीच खुंटी असे, ती चौकटीच्या भोकात बसवायची. वाळवी लागू नये म्हणून बायका दिवाळीआधी दारांना डांबर लावत आणि मास्तरांची ओळ चुकवून लावत. त्यामुळे प्रत्येक घराच्या दारामागे काळ्या फळीत एक-दोन, कुठे पाच-सहा पांढुरक्या खिडक्या दिसत आणि त्यात मुलांचे जन्म. एका घरी नववे मूल झाले तेव्हा दारावर जागा उरली नव्हती. म्हातारी सासू मास्तरांना म्हणाली, "आता कुटं लिवता? न्हानीच्या दारावर लिवा, न्हाई तर माज्या पाठीवर."

माझ्या मुलाच्या वेळी, म्हणजे तुमच्या बाबाच्या वेळी, मी विरोध करून पाहिला. बाळंतिणीच्या घरात काजळी, परक्या पुरुषाचे येणे, हे माझ्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात बसत नव्हते. शिवाय दाराला नुकताच हिरवा रंग दिलेला. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे राहून सुईणीची उलटतपासणी घेत होते.

"कोंबडं आरवायच्या आधी की मागनं?"

"आदी. लय आदी."

"बारा वाजून गेले होते?"

"मला काय ठावं? मी काय घड्याळ बाळंत करत हुते व्हय?"

"म्हणजे उजाडेपर्यंत पंचांगाचा जुना दिवस आणि बारानंतर सरकारचा नवा," मास्तर म्हणाले आणि दोन्ही लिहून गेले. हिरव्या रंगावर काजळी फार उठून दिसे, हे मला कबूल करावे लागले.

एवढ्यावर मास्तर हा गावचा एक करमणुकीचा विषय झाला असता. पण लढाई लांबली.

आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. आमच्या समोरच्या आळीत रामजी सुभेदार राहत. मागच्या मोठ्या लढाईत जाऊन आलेले, मिशा अजून कवायतीत. त्यांचा भाऊ लवकर वारला होता. त्याची विधवा पारूबाई आणि तिचा एकुलता मुलगा गणपत त्यांच्याच छत्राखाली, पण शेजारच्या वेगळ्या घरात, सासूसह राहत. गणपत अंगाने थोराड, सातवी झालेला, उसाची मोळी एका हाताने फेकणारा. त्याला फौजेत जायचे होते. सुभेदारांना त्याला पाठवायचे होते. पारूबाईला काय हवे होते ते कुणी विचारले नव्हते.

अडचण एक होती. सरकारला अठरा वर्षे लागत आणि गणपतला नुकती सोळा पुरी झाली होती.

दिवाळीनंतरची गोष्ट. सुभेदार मास्तरांच्या पडवीत आले. मी भिंतीअलीकडे तांदूळ निवडत होते, त्यामुळे सगळे ऐकले.

"मास्तर, पोराला शाळंचा दाखला पायजे. वय तेवढं अठरा लावा."

"सोळा आहे."

"हाय की. दोन वाढवा. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं नाही जात. पोराचं जातंय."

"आवं, छाती बघितली का त्याची? खोंडावानी हाय!"

"छाती मोजायला सरकार आहे सुभेदार. वय मी मोजलंय."

"आकड्याची एक रेघ हिकडची तिकडं करायची. त्यात काय?"

"मी आकडा लिहीतच नाही," मास्तर म्हणाले, आणि मला वाटते आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वेडाचा कुणाला तरी खरा अडथळा झाला.

सुभेदार उठले. "बात खतम. दाखल्याबिगर जाईल त्यो. तोंडानं सांगितलं तरी घेत्यात."

ते खरे होते. सांगलीला नदीकाठच्या मैदानात भरतीची छावणी पडली होती, आणि तिथे दाखल्यापेक्षा दंडाकडे जास्त बघत. दोन दिवसांनी सुभेदार गणपतला घेऊन गेले आणि त्याला छावणीत ठेवून परत आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरी तपासणी, मग पुण्याची गाडी. पारूबाईला हे कळले ते सुभेदारांनी वाटलेल्या पेढ्यावरून.

ती थेट मास्तरांकडे आली. डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात तो पेढा तसाच.

"मास्तर, तुमी दारावर लिवलंय त्ये खरं का खोटं?"

"खरं."

"मग हितं बसून काय करताय? तिकडं जाऊन सांगा की!"

मास्तर उठले, पायात वहाणा घातल्या आणि तिच्या घरी जाऊन तिचे दार काढायला लागले. दार वर उचलले की खुंटी भोकातून निघते. आळी गोळा झाली.

"आवं, ह्ये काय? घर उगडं पडलं की!" पारूबाई म्हणाली.

"तोंडी सांगून काय उपयोग? तोंडी तर तोही सांगतोय. लिहिलेलं दाखवावं लागेल."

"कुत्री शिरत्याल!"

"मी बसते दारात," सासू म्हणाली. ती दृष्टीने अधू होती, पण काठीने अचूक होती.

साहेब इंग्रज असणार आणि मास्तरांचे इंग्रजी शून्य. तुमच्या आजोबांनी दवाखान्याच्या खिडकीतून मला सांगितले, "तू जा. मॅट्रिकचा कधी तरी उपयोग होऊ दे." अशी मी बैलगाडीत चढले. गाडीत दार आडवे ठेवलेले. पारूबाई त्यावर बसायला लागली तर मास्तर ओरडले, "अक्षरावर बसू नये!" मग आम्ही दोघी गाडीच्या कडेला अंग चोरून बसलो आणि दार ऐसपैस पसरून सांगलीला निघाले.

सांगली तेव्हा संस्थान. शिवेवर जकातीचा नाका होता. नाकेदाराने गाडी अडवली.

"माल काय?"

"दार," मास्तर म्हणाले.

"विकायला?"

"वाचायला."

नाकेदाराने गाडीभोवती एक फेरी मारली. सागवानी आहे का, म्हणून ठोकून पाहिले. मग वाकून वाचले, आणि बराच वेळ वाचत राहिला. "ह्याच्यावर कोणती जकात घ्यावी ते मला कुणी सांगितलेलं नाही," असे म्हणून त्याने आम्हाला सोडले.

छावणीत पोरांची रांग लागली होती. सगळी लंगोटावर, छातीला फीत लावून घ्यायला उभी. गणपत मध्यावर. आम्ही बाभळीला दार टेकवून उभे केले आणि त्याने ते ओळखले. आपले स्वतःचे दार परक्या मैदानात उभे पाहून माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिले. पुन्हा पाहायला मिळालेले नाही.

साहेब तरुण होता, नाक उन्हाने सोललेले. मी माझे उत्तमातले उत्तम इंग्रजी काढले. हे दार या मुलाच्या घराचे आहे, त्यावर त्याची जन्मतारीख आहे, लिहिणारे हे शिक्षक. त्याने विचारले, हे आकड्यात का नाही. मी मास्तरांना विचारले. मास्तरांनी आकडा, शेपूट, आईबाप असे सगळे सांगितले. मी त्याचे भाषांतर केले: शिक्षकांची तशी पद्धत आहे. इतक्यावर माझे इंग्रजी संपले.

साहेबाशेजारी एक देशी जमादार होता, कराडकडचा असावा. साहेबाने त्याला वाचायला सांगितले. त्याने फळीवर बोट ठेवून, शाळेतल्यासारखे मोठ्याने वाचले, आणि दोन वार पाहून अडखळला: "गणपत. शनिवार... अं... रविवार, तारीख एकोणतीस ऑगस्ट, सन एकोणीसशे सव्वीस." मी ते इंग्रजीत सांगितले. साहेबाने बोटांवर वर्षे मोजली, पुन्हा मोजली, आणि गणपतला रांगेबाहेर व्हायची खूण केली. तो वाईट माणूस नव्हता. रात्री यांच्या घराला दार कसले, एवढे त्याने मला जाताना विचारले.

जमादार दार गाडीत चढवायला मदतीला आला. हळूच मास्तरांना म्हणाला, "आमच्या गावात आसलं दार आसतं, तर मीबी हितं नसतो."

रांगेतल्या पोरांनी मात्र आरोळी ठोकली होती. "आरं गणप्या, दार आलं रं तुजं न्ह्यायला!" "कडी लाव रं आत जाऊन!"

गणपत गाडीत बसला नाही. सदरा खांद्यावर टाकून गाडीमागून धुळीत चालत आला. नाक्याच्या अलीकडे एकदाच बोलला. "मास्तर, ह्याच्या फुडं तुमच्याशी एक शबूद बोललो तर बापाचं नाव सांगायचा न्हाई."

दार पुन्हा बसवले तेव्हा ते थोडे तिरके बसले.

गणपतने शब्द पाळला. दोन घरांत एकच वाट, रोज समोरासमोर येत, पण तो बोलत नसे. मास्तर मग त्याच्याशी आजूबाजूच्या वस्तूंमार्फत बोलत. तो बैल घेऊन जाताना बैलाला म्हणत, "पवळ्या, तुझ्या धन्याला सांग, डाव्या खुराला जखम आहे." तो बैलाला उत्तर देई, "पवळ्या, म्हाईत हाय म्हणावं." बैल एकूण समंजस होता.

त्या वर्षांत गावातली काही मुले फौजेत होती, काही सरकारविरुद्ध भूमिगत झालेली. एकाच घरात दोन्ही असत. अधूनमधून एखाद्या घरी फौजेची तार येई आणि त्या आळीत त्या दिवशी चूल पेटत नसे. मास्तर संध्याकाळी आमच्या पडवीत वर्तमानपत्राला येत. त्यांना लढाईतले काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नसे. कुठले शहर पडले, कोण कुठे उतरले, हे तुमचे आजोबा उत्साहाने सांगत. मास्तर सगळे ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "म्हणजे संपत आली का हो?"

"एवढ्यात नाही."

"दोन दिवाळ्यांत?"

"सांगता येत नाही मास्तर."

मला तेव्हा वाटे, मास्तरांना चालू घडामोडींत रस उत्पन्न झाला. ते कशाशी शर्यत लावून बसले होते, ते माझ्या ध्यानात आले नाही.

लढाई संपली नाही, आणि चव्वेचाळीसचा श्रावण सरला. गणपतला अठरा पुरी व्हायला आठवडा राहिला असेल. पारूबाई एका दुपारी मास्तरांच्या पडवीत येऊन खांबाला टेकून बसली. मला पाहून थांबली नाही. मी त्या भिंतीपलीकडे इतकी वर्षे होते की भिंतीतच जमा झाले होते.

"मास्तर, त्यो चाललाय."

"माहीत आहे."

"सुभेदार म्हणत्यात, आता कुणाचा बाप आडवत न्हाई." ती जमिनीवरची काडी मोडत राहिली. "तुमी एकदा खरं लिवून माजं लेकरू आणलंसा. आता एकदा खोटं लिवा. दोन वरसं कमी लिवा. तवर लढाई सपंल."

मास्तरांनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

"तुमी लिवलेलं सायेब बी मानतोय. आख्ख्या सांगलीनं मानलं."

"पारू, दार आहे ना घराला. त्यावर काय लिहिलंय?"

"दार मी चुलीत घालते." ती तटकन म्हणाली. "तुमी व्हय म्हणा. आज सांजच्याला घालते."

मी तांदळातले खडे शोधायचे थांबवले. मास्तर नाही म्हणतील अशी माझी खात्री होती, आणि ते नाही म्हणाले नाहीत. ते बराच वेळ कोटाचे एक बटण लावत आणि काढत बसले. शेवटी म्हणाले, "मला विचार करू दे." त्या माणसाने संख्येच्या बाबतीत कधी विचार केल्याचे मी पाहिले नव्हते. त्यांना ती आधीच ठाऊक असे.

दार जळले नाही. "चुलीपुडं न्हेलं हुतं," पारूबाईने मला पुढे सांगितले. "पर त्याच्यावर त्याचं नाव हुतं वो, वैनी. नावाला कसा जाळ लावू?"

इथे एक सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगाच धाकधुकीत ठेवणे मला आवडत नाही. गणपत परत आला. हवालदार होऊन पेन्शनीत आला आणि म्हातारपणी त्याला गुडघेदुखी झाली. पण ज्या सकाळी तो निघाला, त्या सकाळी हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते.

त्या सकाळी तो मास्तरांच्या अंगणात येऊन उभा राहिला. नवीन सदरा, डोक्याला तेल. मी पडवीत होते. त्याने मास्तरांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"वैनी, मास्तरास्नी सांगा. दाखला पायजे."

मास्तर माझ्यापासून चार हातांवर बसले होते. त्यांनीही मलाच विचारले, "वहिनी, त्याला विचारा, वय काय लावू?"

"सांगा, काय आसंल त्ये लावा."

"त्याला विचारा, आईला सांगून आलाय का?"

गणपतने मान खाली घातली. "सांगा, तिनंच तेल लावलं डोसक्याला."

मास्तरांनी कागद ओढला. टाक दौतीत बुडवला, वर काढला, झटकला, पुन्हा बुडवला. नाव लिहिले. बापाचे नाव लिहिले. गाव लिहिले. पुढे टाक कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. त्याच्याखाली शाईचा एक थेंब हळूहळू मोठा झाला. मास्तरांनी टाक उचलला, कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तिथेही तेच झाले.

मग त्यांनी कागद, दौत, टाक, सगळे भिंतीवरून माझ्याकडे सरकवले.

"वहिनी, तुम्ही लिहा."

"मी? मास्तर, माझं मराठी अक्षर तुम्हाला ठाऊक आहे."

"मी सांगतो. तुम्ही लिहा. खाली सही करीन मी."

ते उठले आणि आमच्याकडे पाठ करून पडवीच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोर शेवग्याचे झाड होते. त्या झाडाला सांगितल्यासारखे ते एकेक शब्द सांगू लागले. एकोणतीस. मी लिहिले. ऑगस्ट. मी लिहिले. मग ते थांबले. मला पुढचे ठाऊक होते, गणपतला ठाऊक होते, सांगलीच्या त्या जमादारालासुद्धा ठाऊक होते. एक शब्द वेगळा सांगितला असता तर मी तोही लिहिला असता, आणि त्या पडवीत कुणीच काही म्हटले नसते.

"एकोणीसशे सव्वीस," मास्तर म्हणाले.

त्यांनी मागे न वळता हात लांब केला, कागद आणि टाक घेतले, खांबावर टेकवून सही केली आणि कागद तसाच मागे धरला. गणपत पुढे येऊन तो घेऊन गेला. पुन्हा अंगणात जाऊन उभा राहिला. त्याने वाकून अंगणातल्या मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. "मास्तर, येतो," तो म्हणाला. मला नव्हे.

मास्तर शेवग्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "वहिनी, गेला का?"

गणपत अजून फाटकापाशी होता, पाठमोऱ्या मास्तरांकडे बघत.

"नाही अजून," मी म्हणाले.

"गेला की सांगा."

तो वळला. वाटेला लागला, सुभेदारांच्या घरापुढे क्षणभर थांबला, आणि उसाच्या कडेने दिसेनासा झाला. वाट मोकळी झाली. मी दौतीला बूच लावले, टाक पुसून ठेवला. मास्तर तसेच उभे होते, आणि मी आणखी थोडा वेळ काही बोलले नाही.